बालशिक्षणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम : आपापले अनुभव लिहूया

"लहान मुलांना तर नुसतं सांभाळायचं असतं, त्यासाठी कॉलेज कशाला?" हा अभ्यासक्रम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी ऐकावं लागतं. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा धागा. पूर्वप्राथमिक शिक्षणाचं प्रमाणपत्र घेतलं असेल, घेत असाल किंवा अर्ध्यात सोडलं असेल, तरी लिहा. सुरुवात मी करते.

आमच्याकडे पहिल्या सत्रात शिकवायला उभं करतच नाहीत. कोपऱ्यात बसायचं, एकच मूल निवडायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. "तो आज चिडचिडा होता" हे चालत नाही. "ठोकळा जमिनीवर आपटला, ताईंकडे पाहिलं, पुन्हा आपटला" हे चालतं. अर्थ लावायचा तो शेजारच्या रकान्यात, आणि तोही नंतर. एकदा पाण्याच्या टबापाशी तीन वर्षांची एक मुलगी होती. खालचं भोक अंगठ्याने दाबून नरसाळ्यात पाणी ओतायची, वाकून खालून बघायची, मग अंगठा काढायची. पाणी सुटलं की पुन्हा पहिल्यापासून. बाही कोपरापर्यंत भिजलेली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पाणी सांडत बसलीय. पण नोंदीतल्या ओळी सलग वाचल्या तेव्हा लक्षात आलं, अंगठा काढायच्या आधी ती दर वेळी खाली बघून घेत होती. पाणी कुठे पडणार, हे तिला आधीच ठाऊक झालं होतं आणि ती ते पडताळून बघत होती. ही बघायची सवय मला या अभ्यासक्रमाने लावली, आणि एवढ्यासाठीसुद्धा मी तो पुन्हा करेन.

मातीचे हात :
नोंदींबद्दल अगदी पटलं. मला त्याला थिअरीची जोड मिळाली तेव्हा अभ्यासाची गोडी लागली. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये मुलांच्या खेळातल्या सहभागाचे प्रकार मांडले. एकट्याचा खेळ, दुसऱ्यांचा खेळ नुसता बघणं, शेजारी बसून आपापला खेळ, आणि पुढे मिळून खेळणं, वगैरे. प्रात्यक्षिकाला गेले तर अडीच वर्षांची दोन मुलं एकाच वाळूत बसलेली, एकमेकांशी अवाक्षर नाही. पण एकाने बादली उपडी केली की थोड्या वेळाने दुसराही करायचा. त्यातल्या एकाची आई काळजीने म्हणाली, "हा कुणात मिसळतच नाही हो." तिला मी तिथेच थांबवून ती बादली दाखवली. या वयात शेजारी बसून खेळणं हेसुद्धा सोबत असणंच आहे, हे तिला पटताना मी पाहिलं.

वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीचंही तसंच. मूल एकट्याने काय करू शकतं आणि कुणाच्या आधाराने काय करू शकतं, या दोन्हींमधली जागा ओळखायची. कोड्याचा तुकडा आपण उचलून बसवला तर काम आपलं झालं. "कडेचे तुकडे आधी शोधूया का?" एवढंच म्हटलं तर काम मुलाचं राहतं. पण नेमकं केव्हा बोलायचं, हे पुस्तकातून येत नाही.

उशिराची विद्यार्थिनी :
माझी मुलं मोठी झाल्यावर मी प्रवेश घेतला. वर्गातल्या बाकीच्या माझ्या लेकीच्या वयाच्या. मुलांजवळ मला कधी अडलं नाही, अडलं ते लिखाणात. आठवड्याचं नियोजन लिहायचं, प्रत्येक कृतीपुढे तिचा हेतू लिहायचा, झाल्यावर स्वतःच्या कामाबद्दल लिहायचं. इतक्या वर्षांनी पेन हातात धरून हे करणं जड जातं. आम्ही चौघीजणी धडे मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करायचो आणि एकमेकींना पाठवायचो. घरची कामं करता करता ऐकून माझा निम्मा अभ्यास झाला. घरी मुलं वाढवल्याचा अनुभव उपयोगी पडतोच, पण वीस मुलांच्या वर्गात एकाच वेळी सगळीकडे लक्ष ठेवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते शिकावंच लागतं.

बाळांची खोली :
एक वर्षाच्या आतल्या बाळांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. बाळाला पाठीवरच झोपवायचं, पाळण्यात उशी किंवा मऊ खेळणी ठेवायची नाहीत, लंगोट बदलण्याआधी आणि नंतर हात धुवायचे. प्रथमोपचाराचा भाग मन लावून करा, बाहुलीवर हात बसेपर्यंत. आणि लंगोट बदलताना बाळाशी बोला. भाषेचा पाठ तिथेच चालू असतो.

वर्गातला दादा :
आमच्या तुकडीत मी एकटाच मुलगा. जिथे प्रात्यक्षिकाला पाठवलं, तिथे पहिल्याच दिवशी मला टेबलं हलवायला आणि सामान आणायला लावलं, मुलांजवळ जाऊच देईनात. काही पालकांची नजरही बोचायची. कुठलाही मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नसावा, हा नियम मला पूर्ण मान्य आहे. पण तो सगळ्यांना सारखा असावा. शेवटी मी पर्यवेक्षक बाईंशी बोललो. त्यांनी तिथल्या प्रमुखांना स्पष्ट सांगितलं, "हा विद्यार्थी आहे, मदतनीस नाही." दुसऱ्या आठवड्यापासून गोष्टीची वेळ माझ्याकडे आली. पुरुष या कामात यायलाच हवेत. पुरुषही मायेने सांभाळतात, हे मुलांनी लहानपणीच पाहायला हवं.

अजून ठरत नाही :
सगळं वाचून हुरूप आला. प्रवेश घ्यायच्या आधी काय विचारू?

धागाकर्ती :
प्रात्यक्षिकाचे तास किती आणि ते कोणत्या वयोगटात, हे आधी विचारा. बाळं आणि चार-पाच वर्षांची मुलं, दोन्ही मिळाली तर उत्तम. पर्यवेक्षक वर्गात येऊन बसतात की नुसती वही तपासतात, हेही विचारा. येऊन बसणाऱ्यांकडूनच खरं शिकायला मिळतं. पुढे पदविका करायची झाली तर हे प्रमाणपत्र तिथे धरतात का, ते लेखी मागून घ्या. आणि जमलं तर एखाद्या बालवर्गात परवानगी काढून एक सकाळ बसून या. तिथला गोंगाट सोसवतो का, ते कळेल.