अनुभव धागा: लिंबूटिंबू, कसलेले आणि एकाच टीममध्ये सापडलेले आपण

जानेवारी २००६ मध्ये मी एका माणसाला चाळीस जणांच्या टीममधून काढून टाकलं. त्याचं खरं नाव मला माहीत नव्हतं, चेहरा कधी पाहिला नव्हता. तो प्रसंग आठवला की अजून वाईट वाटतं, आणि हा धागा काढायचं कारणही तेच.

तेव्हा मी न्यू जर्सीत एमएस करत होतो आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळायचो. त्यातल्या मोठ्या सामूहिक मोहिमांना रेड म्हणतात. सुरुवातीच्या मोल्टन कोअर या रेडला चाळीस खेळाडू लागायचे. आमच्या गिल्डचा, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटाचा, नियम होता आठवड्याला तीन रात्री, रोज चार तास. तिथे बॅरन गेडन नावाचा एक बॉस, म्हणजे सगळ्यांनी मिळून पाडायचा मोठा शत्रू, आहे. तो मधूनच एखाद्या खेळाडूला जिवंत बॉम्ब करून टाकतो. ज्याच्यावर ही पाळी येते त्याने काही सेकंदांत सगळ्यांपासून लांब पळायचं. नाही पळाला तर आसपासचे सगळे भाजून निघतात, त्यात हीलर, म्हणजे जखमा भरणारे खेळाडू, गेले की बाकीच्यांचंही आटोपलं. हा माणूस एका रात्रीत दोनदा पळाला नाही. मी गिल्डचा ऑफिसर होतो. दुसऱ्या वेळी मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो आणि त्याला काढलं. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला: बाळ मांडीवर होतं, एका हाताने खेळत होतो, सॉरी.

आज मला दोन मुली आहेत. रात्री साडेनऊ ते साडेदहा एवढाच वेळ माझा असतो, आणि त्यातही कोणीतरी पाणी मागायला उठतं. एका हाताने खेळणं काय असतं ते आता कळतं.

एकट्याने खेळायच्या गेममध्ये अवघडपणा हा तुमचा आणि गेमचा आपसातला मामला असतो. जमलं नाही तर ईझीवर टाका, कोणाचं काही जात नाही. मल्टिप्लेयरमध्ये माझ्या चुकीची किंमत दुसरा भरतो. वॉरक्राफ्टवाल्यांनी यावर बरेच उपाय करून पाहिले. जून २००६ मध्ये नॅक्सरॅमस ही रेड आली, ती इतकी कठीण होती की बहुसंख्य खेळाडूंनी ती आतून पाहिलीच नाही. एवढी मेहनत करून बांधलेली जागा मूठभरांसाठीच का, हा प्रश्न आलाच. २००८ मध्ये तीच रेड दहा आणि पंचवीस जणांसाठी पुन्हा उघडली. २०११ च्या शेवटी रेड फाइंडर आला: बटण दाबा, अनोळखी चोवीस जण मिळतील, गोष्टीचा शेवट बघून या. २०१४ पासून अवघडपणाच्या चार पायऱ्या झाल्या, सगळ्यात वरची मिथिक, तिला बरोबर वीस माणसं लागतात.

पायऱ्यांमुळे बरंच सुटलं असं माझं मत आहे. पण एकाच पायरीवर उभी असलेली दोन माणसं वेगवेगळ्या कारणांनी आलेली असतात, ते काही सुटलेलं नाही. तुम्ही कुठल्या बाजूचे आहात, गंमत म्हणून खेळणारे कॅज्युअल की जीव तोडून खेळणारे हार्डकोअर? कधी बाजू बदलली का? कुणामुळे खेळ सोडला, कुणामुळे टिकलात? कुठलाही ऑनलाइन गेम चालेल. सविस्तर लिहा.

कर्वे रोडचा कॅफे

मी २००४ ते २००८ सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ हा दोन टीमचा गोळीबाराचा गेम खेळून मोठा झालो. तासाला वीस रुपये, दहा मशीन, बाहेर चपलांचा ढीग. टीम पाडायची पद्धत गल्ली क्रिकेटची: दोन सगळ्यात चांगले खेळाडू कॅप्टन, आळीपाळीने भिडू उचलायचे. शेवटी उरायचा तो लिंबूटिंबू. पण त्याला हाकलत नसत कोणी. दहावा माणूस नसेल तर मॅचच होत नव्हती! एक बाजू सलग हरायला लागली की कोणीतरी म्हणायचं, चल, तू इकडे ये, तो तिकडे जाऊ दे. कधी स्नायपर बंद, कधी फक्त पिस्तूल. डस्ट टू या मॅपवरच्या एका मॅचमध्ये आमच्यातल्या सगळ्यात भारी पोराला नुसता चाकू घेऊन खेळायला लावलं होतं, आणि त्याने तसे तीन जण मारले. अख्खा कॅफे उठून उभा राहिला होता.

आता हे काम मॅचमेकिंग, म्हणजे बरोबरीचे खेळाडू जुळवणारा प्रोग्राम, करतं, आणि हिशेबात ते आमच्यापेक्षा पक्कं आहे. फक्त हरणाऱ्याचा चेहरा त्याला दिसत नाही. आम्हाला दिसायचा, शेजारच्याच खुर्चीत असायचा तो. शिवी दिली तरी नंतर वडापाव एकत्रच खायचा असायचा. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हाच.

तासगाव स्क्वॉड

आमचा चौघांचा स्क्वॉड. पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला तेव्हा आम्ही बारावीत. तिघं रँकच्या मागे, चौथा आमचा शेजारी. त्याच्या घरची द्राक्षबाग. छाटणी झाली की फवारणीच्या दिवसांत पहाटे चारला उठायचा, तरी रात्री अकराला ऑनलाइन यायचा. फोन जुना, दोन अंगठ्यांनी खेळणार, आम्ही चार बोटांची पकड, क्लॉ, शिकलेलो. खालच्या टियरला समोर बॉट, म्हणजे कॉम्प्युटरचे खेळाडू, भरपूर असतात, तिथं तो पण पाच-सहा किल काढायचा, खूश असायचा. क्राउन या वरच्या टियरला गेलो आणि समोरचे खेळाडू बदलले. मॅपवरच्या पोचिंकी गावात उतरायचं, तो पहिल्या मिनिटात नॉक, म्हणजे आडवा, त्याला रिवाइव करायला, उठवायला गेलेला दुसरा नॉक, मग पॉइंट मायनस.

सीझन संपायला आठ दिवस होते. क्राउनच्या वरच्या एस (Ace) टियरला थोडे पॉइंट कमी पडत होते. आम्ही त्याच्या जागी वर्गातला एक पोरगा घेतला आणि याला सांगितलं, की चार दिवस आम्ही खेळत नाही, अभ्यास आहे. गेममध्ये फ्रेंडलिस्टला दिसतंच की कोण मॅचमध्ये आहे. त्यानं बघितलं. काही बोलला नाही. आम्हाला एस मिळाला.

२ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. सगळ्यांचीच रँक गेली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावानं परत आला तेव्हा मी त्याला फोन केला. म्हटला, मी गाडी चालवतो फक्त, तुम्ही मारा. आता आमचा स्क्वॉड तसाच आहे. एरँगल मॅपवर गाडी त्याच्याकडं, झोन, म्हणजे आकसत जाणारी सुरक्षित जागा, बघायचं काम त्याच्याकडं. रँक प्लॅटिनमच्या वर जात नाही. तो रोज येतो ते आमच्याशी बोलायला, गेम निमित्त. हे आम्हाला तवा कळायला पाहिजे होतं.

मिड लेन

दुसरी बाजू मांडतो, कारण अशा चर्चेत हार्डकोअर म्हणजे दुष्ट असा सूर लागतो आणि ते मला पटत नाही.

मी डोटा २ खेळतो, पाच विरुद्ध पाच. एक मॅच चाळीस मिनिटांची, कधी तासाची. मधे सोडता येत नाही. सोडली तर शिक्षा म्हणून लो प्रायॉरिटीत, म्हणजे शिक्षा झालेल्यांच्या वेगळ्या रांगेत, जाऊन पडता. पाचातला एक जण बाराव्या मिनिटाला जेवायला गेला, की उरलेले चौघं अर्धा तास निव्वळ हार पाहत बसतात. मीही नोकरी करतो. मलाही रात्रीचे दीडच तास मिळतात, आणि त्यातले चाळीस मिनिटं त्याने मला न विचारता खर्च केले. तो कॅज्युअल आहे हे मान्य, पण डोटात बिनरँकचा अनरँक्ड आहे, झटपट टर्बो आहे, बॉटबरोबर खेळायची सोय आहे. रँक्डचं बटण दाबलं तेव्हा त्याने चौघांना शब्द दिला होता.

न येणं हा गुन्हा नाही. मीही पहिल्या तीनशे मॅचेसमध्ये काहीच येत नसलेला होतो. पण विचारा, ऐका, मॅप बघा. जो हरतानाही प्रयत्न करतो त्याला मी आजवर कधी बोललेलो नाही.

निवृत्त शिक्षिका, नाशिक

माझा खेळ बुद्धिबळ. तुमच्या गेमांइतका झगमगाट नाही, पण ऑनलाइन आहे आणि समोर माणूस आहे, म्हणून लिहिते.

माझं वय चौसष्ट. रोज दोन तास खेळते, वहीत एंडगेम, म्हणजे डावाचे शेवटचे टप्पे, लिहून काढते, हरलेला प्रत्येक डाव परत मांडून बघते. रेटिंग अकराशे. चार वर्षांत हजारावरून अकराशे. आता मला सांगा, मी हार्डकोअर की कॅज्युअल? माझा भाचा महिन्यातून दोनदा ऑफिसच्या बसमध्ये खेळतो, त्याचं अठराशे आहे. लहानपणी शिकला, हात बसलेला आहे. तुम्ही सगळे कौशल्य आणि कळकळ एकाच तराजूत घालता आहात. मी चाळीस वर्षं गणित शिकवलं. सगळ्यात जास्त मेहनत करणारी मुलं बहुधा पंचावन्न-साठ टक्क्यांवर असायची.

रेटिंगची पद्धत मात्र मला फार आवडते. आर्पाड एलो हे अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, जन्म हंगेरीतला. त्यांची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली आणि आज तुमच्या बहुतेक गेमांच्या मॅचमेकिंगमागे तिचीच भावंडं आहेत. गणित सोपं आहे: दोनशे गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूला शंभरातले साधारण शहात्तर गुण मिळावेत, चारशेचा असेल तर एक्याण्णव. बरोबरीचा असेल तर पन्नास. म्हणजे पद्धत नीट चालली तर मी आयुष्यभर अर्धे डाव हरणारच आहे, कितीही सुधारले तरी. हे समजल्यावर माझी रात्रीची चिडचिड थांबली. सुधारणा जिंकण्यात शोधायची नाही, समोरचा कोण येतो त्यात शोधायची. मागच्या वर्षी ज्यांच्याशी हरत होते, ते आता समोर येतच नाहीत.

मिड लेन, तुमचा शब्द देण्याचा मुद्दा मला पटला.

माइक ऑफ

मी २४ वर्षांची, मुंबई, गेम व्हॅलोरंट (पाच विरुद्ध पाच, गोळीबाराचा), रँक डायमंड, म्हणजे बरीच वरची. आवाज ऐकू आला की टीम ठरवूनच टाकते की ही सेज, म्हणजे जखमा भरणारं पात्र, घेणार आणि कोणाच्या तरी मागे उभी राहणार. मी ओमेन हे दुसरं पात्र खेळते. दोन वर्षं मी माइक बंद ठेवून टायपिंगवर कॉल, म्हणजे टीमला सूचना, दिले. तीन सेकंदांत द्यायचा कॉल टाइप करायला सहा सेकंद लागतात, म्हणजे माझ्यासाठी तोच गेम जास्त अवघड होता. ही डिफिकल्टी कुठल्या सेटिंगमध्ये दिसत नाही.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. माझी धाकटी बहीण आयर्नला, सगळ्यात खालच्या रँकला, आहे. रँकमधला फरक इतका असला की आम्हा दोघींना एकत्र रँक्ड खेळता येत नाही. म्हणून मी दुसरं अकाउंट काढलं. बहिणीसोबत खेळायचं, एवढाच हेतू. पहिल्या मॅचला बत्तीस किल. समोरच्या टीममधल्या एकाने चॅटमध्ये लिहिलं, माझा आज दुसरा दिवस आहे, प्लीज मला एकदा तरी साइटवर (बॉम्ब लावायच्या जागेवर) पोचू द्या. बहीण हसायची थांबली. म्हणाली, ताई, मी तर एकदाही गोळी झाडली नाही, तूच सगळे मारतेस.

ते अकाउंट बंद केलं. आता आम्ही स्विफ्टप्ले हा छोटा प्रकार खेळतो, एका टीमने पाच राउंड जिंकले की संपतं. मी शेरिफ हे पिस्तूल सोडून काही विकत घेत नाही आणि साइटवर आधी ती शिरते. वर कॅफेवाल्यांनी चाकूचं लिहिलंय ते वाचून बरं वाटलं.

हीलर, म्युनिक

थोडक्यात लिहितो. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये जुन्या खेळाडूंना रोज जुन्याच डंजनमध्ये, म्हणजे छोट्या टीमच्या मोहिमेत, पाठवतात, बक्षीस देऊन. टीममध्ये कोणी पहिल्यांदाच आलेला असला तर सगळ्यांना वाढीव बक्षीस मिळतं, आणि तशी सूचना सुरुवातीलाच पडद्यावर येते. ती दिसली की लोक चॅटमध्ये स्वागत करतात. पैशापाण्याने का होईना, नवखा माणूस ओझं वाटत नाही.

मात्र तिथेच प्रीटोरियम नावाचं एक डंजन आहे. गोष्टीची मोठमोठी दृश्यं त्यात. नवखा ती बघत बसायचा आणि जुने सात जण तोवर बॉस मारून मोकळे. पुढे ती दृश्यं कोणालाच टाळता येणार नाहीत असं केलं. मग जुन्यांची ओरड, शंभराव्यांदा तेच किती बघायचं. शेवटी २०२२ मध्ये ते तोडून लहान केलं, आता चौघांचं आहे. मी दोन्ही रांगांत उभा राहिलोय. पहिल्या वेळी माझाही शेवट हुकला होता. दृश्य संपून बाहेर आलो तर बॉस मेलेला, सगळे निघून गेलेले, मी एकटा त्या दालनात.

धागाकर्ता

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. काकू, कौशल्य आणि कळकळ वेगळी आहेत हे मी वीस वर्षांत असं मांडू शकलो नसतो.

एक राहिलं होतं ते लिहितो. ऑगस्ट २०१९ मध्ये वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती क्लासिक म्हणून परत आली. मोल्टन कोअरचा शेवटचा बॉस रॅग्नरॉस पहिल्याच आठवड्यात पडला, ज्याच्यासाठी आम्ही मूळ गेममध्ये महिनोन्‌महिने घालवले होते. बॉस तोच होता; पण लोकांना आता सगळं आधीच ठाऊक होतं.

लॉकडाऊनमध्ये मीही परत गेलो. गिल्ड नवी, निम्मे माझ्यासारखे पोरंबाळंवाले. गेडनपाशी एक नवा मुलगा बॉम्ब झाला आणि घाबरून नेमका हीलरांच्या घोळक्यात पळाला. अर्धी टीम गेली. व्हॉइसवर क्षणभर शांतता. मी माइक चालू केला आणि म्हणालो, भिंतीजवळ मी उभा राहतो, पुढच्या वेळी डोळे मिटून माझ्याकडे पळ, मी मेलो तरी चालेल. तिसऱ्या खेपेला तो आला. आम्ही दोघंच मेलो, बाकी अडतीस जणांनी गेडन पाडला.

२००६ मधला तो बाळवाला माणूस मी बराच शोधला. त्याच्या पात्राचं नाव अजून लक्षात आहे, पण सापडलं नाही. ते बाळ आता वीस-एकवीस वर्षांचं असेल.

प्रतिसाद येऊ द्यात. क्लॅश ऑफ क्लॅन्सवालं अजून कोणीच कसं आलं नाही?