मदत हवी आहे: गाडीतल्या अँप (अँप्लिफायर) आणि सबवूफरसाठी (बासचा स्पीकर) कुठली बॅटरी टाकू?

मंडळी, गाडी स्विफ्ट पेट्रोल, बॅटरी कंपनीची ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता). दिवाळीत ५०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारी पॉवर) क्लास डी मोनो अँप आणि १२ इंची सब बसवला, आवाज एक नंबर, पण रात्री एसी आणि हेडलाइट चालू असताना ढोल-ताशा लावला की प्रत्येक टोल्याला डॅशबोर्डची लाइट मिणमिणते. मल्टीमीटर लावून बघितलं, इंजिन चालू असताना नुसतं १४.१ व्होल्ट, बास पडला की खटकन १२.३ वर येतं. इंजिन बंद करून थोडा वेळ गाणी ऐकली तर सेल्फ पण जड मारतो.

दुकानदार म्हणतो सरळ ६५ एएच टाका, पण ती ट्रेमध्ये बसणार कशी आणि बोनेट लागेल का ते काही बोलत नाही, त्याला काय, विकायचीय. माझा हिशोब असा की अँप फुल वाजला तर ४५ अँपिअरच्या आसपास खेचणार, मग गाडी चालू असताना तो लोड अल्टरनेटरवरच (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) येतो ना? नुसती मोठी बॅटरी टाकून लाइट मिणमिणायची थांबेल, की आधी अर्थची वायर जाड करू?

एक्साइड किंवा अमरॉनची ४४-४५ एएच कोणी त्याच ट्रेमध्ये बसवलीय का, टर्मिनल कुठल्या बाजूला येतात? एजीएम (काचेच्या तंतूंच्या मॅटमध्ये अ‍ॅसिड शोषलेली सीलबंद बॅटरी) घ्यावी का, की बोनेटखालच्या उष्णतेत पैसे वाया? कपॅसिटरचा ऐकीव सल्ला प्लीज नको, तो स्वतः वापरलेल्यांनीच सांगा.