थेडा बाराचे सिनेमे कुठं बघायला मिळतात?

शहापूरकरीण:
आमच्या गल्लीतल्या मंडळाची एकांकिका हाय, त्यात मला व्हँपचा, म्हणजे पुरुषांना नादी लावून बुडवणाऱ्या बाईचा रोल दिलाय आणि दिग्दर्शक म्हणतोय थेडा बारा बघून ये. नाव ऐकून सगळे हसायलेत, रोलचे बारा वाजले म्हणून. यूट्यूबवर शोधलं खरं एकदोनच सापडले, बाकीचे गेले कुठं? आणि ही बाई आधी नाटकातली का सिनेमातली? ठाऊक असंल तर सांगा की.

निपाणीवाला:
आधी नाटकातलीच, मग अमेरिकेतल्या मूकपटांची नटी. मूळ नाव थिओडोशिया गुडमन, जन्म १८८५ चा, ओहायोतल्या सिनसिनाटीत, वडील शिंपी. १९०८ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द डेव्हिल' नाटकात होती खरं कुणी विचारलं नाही. नाव झालं १९१५ ला 'अ फूल देअर वॉज' हा सिनेमा आल्यावर, तवर तिशीला टेकलेली. मग फॉक्स या सिनेमा कंपनीच्या पब्लिसिटीवाल्यांनी थाप मारली, ही इजिप्तमधल्या सहारा वाळवंटात जन्मली, आणि बाईनं इजिप्त बघितलंसुद्धा नव्हतं! पेपरवाल्यांनी छापलं, लोकांनी गिळलं.

खानापूरचा पावणा:
सिनेमे जळले ओ. १९३७ ला न्यू जर्सीत लिटल फेरीला फॉक्सचं गोदाम पेटलं, रीळं सगळी नायट्रेटची, कोंदट जागेत तापली की त्यातनं वायू सुटतो आणि आपोआप पेट घेतात. चाळीसेक सिनेमे केले तिनं, उरले हाताच्या बोटावर. १९१७ च्या 'क्लिओपात्रा'चे नुसते तुकडे हायत. लांब कशाला, आपल्या शेजारी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी काढलेला १९२० चा 'सैरंध्री' तरी कुठं उरलाय?

निपाणीवाला:
होय की. आणि तिला त्याच त्याच व्हँपमध्ये अडकवून ठेवलं, १९१९ ला फॉक्सनं सोडली. दुसऱ्या वर्षी 'द ब्लू फ्लेम' घेऊन परत ब्रॉडवेवर, समीक्षकांनी टर उडवली तरी तिला बघायला गर्दी. १९२६ नंतर पडद्यावर नाहीच, बोलपट एकपण नाही.
ताई, 'अ फूल' मधला पिस्तुलाचा सीन बघा. जुना प्रियकर पिस्तूल रोखून उभा, ही हातातल्या गुलाबानं त्याला टिचकी मारल्यासारखं करते आणि हसते, तो स्वतःवरच गोळी झाडतो. डोळे वटारायची नक्कल करू नका, ते आता विनोदी दिसतंय. हसणं तेवढं घ्या.

शहापूरकरीण:
बघितला! दिग्दर्शकाला दाखवला तर म्हणतोय हाच सीन घालूया. गुलाब मिळंल ओ, पिस्तूल कुठनं आणू? दिवाळीतलं टिकल्यांचं चालंल काय?