जिप्सी 70 च्या पुढे थरथरते, कुणाला अनुभव आहे का?

मंगळवार

समीर (ए-603), रात्री 9:08
नमस्कार मंडळी. गाडीचं विचारायचं होतं. बाबांची जिप्सी सगळ्यांच्या ओळखीची आहे. 2009 ची, पेट्रोल, फोर बाय फोर. मध्यंतरी पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, म्हणजे गाडी ठेवायचीच आहे. गावात चालवताना काही त्रास नाही. हायवेला 70 च्या पुढे गेली की थरथर सुरू होते, 85 ला सगळ्यात जास्त. दोन महिन्यांत तीनदा व्हील बॅलन्सिंग झालं, एकदा अलाइनमेंट, पुढचे शॉकॲब्सॉर्बर नवे टाकले. साडेनऊ हजार गेले आणि थरथर जिथल्या तिथे. आता एक गॅरेजवाले म्हणतात चारही टायर बदला. शनिवारी आईला जोतिबाला न्यायचंय. घेऊन टाकू का टायर?

मोहिते काका (ए-201), 9:15
अलाइनमेंट दुसरीकडे करून बघ. माझ्या गाडीला दोनदा करावी लागली होती.

अण्णा (बी-102), 9:31
मोहिते, अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं खातो. नुसत्या त्यानं 85 ला थरथर येत नाही.
समीर, टायर घेऊ नकोस अजून. आधी एवढं सांग. थरथर हाताला लागते की बुडाला? ॲक्सिलरेटर सोडला की कमी होते का? आणि ती सुरू होण्याआधी गाडीला शेवटचा पाना कुठं लागला होता?

समीर, 9:36
अण्णा, स्टिअरिंग थोडंसं हलतं, पण जास्त खालूनच येते. बाकीचं नीट लक्ष देऊन बघितलेलं नाही. शेवटचं काम म्हणजे... बिलं शोधतो.

सुषमा वहिनी (ए-604), 9:44
मध्ये आपण सगळे भोरला गेलो होतो तेव्हा मी मागे बसले होते. समीर भाऊजी, माझ्या तळपायांना सारख्या मुंग्या येत होत्या. मांडीवर पाण्याची बाटली होती, तिच्यात पाण्यावर बारीक जाळी उठायची. खड्ड्यात पाणी डचमळतं तसं नव्हे, एकदम बारीक. मला वाटलं जिप्सी आहे, अशीच असणार.

अण्णा, 9:58
सुषमा, हे लाख मोलाचं सांगितलंस. मुंग्या आणि बारीक जाळी म्हणजे फार जोरात फिरणारी वस्तू. चाक एवढ्या जोरात फिरत नाही. चाकाचा दोष असला तर थरथर जाड असते, मोजता येईल अशी, आणि पुढच्या चाकाचा असला तर स्टिअरिंगमध्ये येते.
दापोडीच्या एसटी वर्कशॉपात माझी तीस वर्षं गेली. पोरं तक्रार आली की आधी सामान बदलायला धावायची. मी म्हणायचो, थरथर कशाच्या मागं चाललीय ते बघा. गाडीच्या वेगामागं, इंजिनामागं, की ॲक्सिलरेटरच्या दाबामागं? तिन्हीचं घर वेगळं. खड्डा लागल्यावर 55-60 ला स्टिअरिंग डावं-उजवं झोडपतं आणि वेग उतरवल्याशिवाय थांबत नाही, तो किंगपिन बेअरिंगचा नाहीतर टाय रॉडचा रोग. नुसता ब्रेक दाबल्यावर थरथरते, तो डिस्कचा. तुझं यातलं नाही असं मला वाटतं, पण वाटण्यावर पैसे घालायचे नाहीत.
उद्या पहाटे हायवेला जा आणि मी सांगतो तेवढंच कर.

प्राची (सी-405), 10:10
समीर दादा, टायरचा साइज काय आहे? 205/70 आर 15 का?

समीर, 10:11
हो, तोच.

प्राची, 10:26
मग हिशोब असा. 15 इंची रिम म्हणजे 381 मिमी. टायरची भिंत 205 च्या 70 टक्के, 143.5 मिमी, वर-खाली मिळून 287. एकूण व्यास 668 मिमी, एका फेऱ्यात गाडी साधारण 2.1 मीटर जाते. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. तर चाक सेकंदाला साडेदहा वेळा फिरतं. डिफरन्शिअलमुळे (ॲक्सलमधले गियर) प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारी लांब नळी) त्याच्या जवळजवळ चौपट, चाळीसएक वेळा. आणि क्रॉस-जॉइंटची (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) गडबड असेल तर ती एका फेऱ्यात दोनदा धक्का देते, म्हणजे ऐंशीच्या आसपास. फोनमधल्या सेन्सरवर थरथर मोजणारं ॲप आम्ही कॉलेजात वापरतो. मी येऊ का उद्या? मागे बसून फोन फ्लोअरवर दाबून धरीन.

समीर, 10:29
ये की. साडेपाचला खाली. घरी सांगून ये.

सेक्रेटरी ताई (बी-501), 10:40
सी विंगची टाकी उद्या 11 ते 2 धुणार आहेत, पाणी भरून ठेवा. समीर, पार्किंगमध्ये काम काढलंस तर खाली पुठ्ठा घाल, मागच्या वेळचे ग्रीसचे डाग अजून आहेत.

बुधवार

समीर, सकाळी 8:20
जाऊन आलो. शिरवळच्या अलीकडचा सरळ पट्टा, रस्ता मोकळा होता. अण्णांनी सांगितलं तसं एकेक केलं.
निघण्याआधी हवा गार टायरमध्ये तपासली. रिमच्या आत वाळलेला चिखल होता, तो खरवडला. दोन मुठी निघाला. तेवढ्यानं स्टिअरिंगचं हलणं किंचित कमी झालं, पायाखालची थरथर तशीच.
85 ला पाचव्या गियरमध्ये थरथर. त्याच 85 ला चौथा टाकला, इंजिन ओरडायला लागलं, थरथर तीच. म्हणजे इंजिनामागं नाही.
मग सपाटीवर इग्निशन चालू ठेवून न्यूट्रल केलं. थरथर चालूच, वेग उतरला तशी उतरली.
पुढचे हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारी कुलपं) आधी फ्री होते, ते थांबून लॉक केले आणि गाडी टू-एचमध्येच (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवली. काही फरक नाही. परत फ्री केले.

प्राची, 8:31
ॲपच्या आलेखात 60 ला उंच टोक सेकंदाला बासष्ट धक्क्यांच्या आसपास, 70 ला बहात्तर, 80 ला ब्याऐंशी. वेगाबरोबर सरकतंय. चाळीसच्या जागी छोटं टोक आहे आणि दहा-अकराला अजून एक. पण सगळ्यात मोठं ऐंशीवालं.

अण्णा, 8:50
शाबास पोरांनो. हब फ्री असले आणि गाडी टू-एचला असली की पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतच नाही. लॉक केले की चाकं त्याला फिरवतात. दोन्ही वेळी थरथर सारखीच, म्हणजे पुढचा शाफ्ट सुटला. राहिला मागचा. बिलं सापडली का?

समीर, 9:02
सापडली. अण्णा, पहिल्या बॅलन्सिंगच्या तीन आठवडे आधी मागच्या शाफ्टचा क्रॉस बदललाय. डिफरन्शिअलच्या बाजूचा. आम्ही दापोलीहून आलो होतो, गाडी वाळूत नेली होती, आल्यावर रिव्हर्समधून पहिला टाकला की टक् असा आवाज यायचा. क्रॉस बदलल्यावर आवाज गेला म्हणून मी खूश होतो. थरथर त्यानंतरच लक्षात आली, पण मधल्या काळात हायवेला गेलोच नव्हतो, त्यामुळे दोन्हीचा संबंध लावला नाही.

मोहिते काका, 9:10
मग सोपं आहे. मागची दोन चाकं जॅकवर उचल, गियर टाकून पळव, खालून कळेल कुठून येतंय.

अण्णा, 9:14
अजिबात नाही. मोहिते, राग मानू नका, पण जॅकवरून घसरलेली गाडी मी डोळ्यांनी बघितली आहे. पार्किंगमध्ये लेकरं खेळतात. इंजिन बंद, पुढच्या चाकांना ओट (चाक सरकू नये म्हणून ठोकळे), मागं दोन्ही बाजूंना स्टँड, आणि शाफ्ट हातानं फिरवून बघायचा. संध्याकाळी सहाला येतो. समीर, पुठ्ठा घाल.

समीर, रात्री 8:47
सापडलं!! फोटो टाकतोय. ज्यांना बघायचं नसेल त्यांनी माफ करा, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.
अण्णा खुर्ची टाकून बसले होते, मी फळीवर आडवा गाडीखाली. त्यांनी प्राचीला दोन फूटपट्ट्या आणायला सांगितल्या. शाफ्टच्या दोन टोकांना जे कान असतात, ज्यांत क्रॉस बसतो, त्या कानांवर एकेक पट्टी आडवी धरायला लावली आणि शाफ्टच्या रेषेत एका टोकाकडून बघायला सांगितलं. दोन्ही पट्ट्या एकावर एक दिसायला हव्यात. आमच्या दिसल्या कात्री उघडल्यासारख्या.
मग ग्रीस पुसलं. नळीवर पांढऱ्या रंगाची रेघ निघाली. तीच रेघ पुढे स्लीपच्या भागावर (शाफ्टचा मागेपुढे सरकणारा दातेरी भाग) जायला हवी, तर तिथली रेघ दोन दाते बाजूला. क्रॉस बदलताना त्यांनी शाफ्ट मधून ओढून वेगळा केला आणि परत घालताना खूण न बघताच घातला.

अण्णा, 9:05
ती रेघ तुझ्या बाबांनी ओढलेली आहे. माझ्यासमोर. स्लीपला ग्रीस भरायला शाफ्ट उघडला होता, तेव्हा मी म्हटलं होतं, साहेब, आधी खूण करा, मग ओढा. लगेच वर जाऊन ग्रिलचा उरलेला रंग घेऊन आले होते.

समीर, 9:07
अण्णा, हे मला माहीतच नव्हतं.

प्राची, 9:20
ज्यांना प्रश्न पडला असेल की दोन दात्यांनी काय होतं: क्रॉस-जॉइंट तिरका चालतो तेव्हा एका बाजूचा वेग सारखा असला तरी दुसऱ्या बाजूचा एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा जॉइंट बरोबर उलटं करून ते मिटवतो. पण त्यासाठी शाफ्टवरचे दोन्ही टोकांचे कान एका रेषेत लागतात. नसले तर मिटायच्या ऐवजी धक्का उरतो. एका फेऱ्यात दोन धक्के, म्हणून आपलं टोक ऐंशीला येत होतं.

अण्णा, 9:34
पोरीनं पुस्तकातलं नीट सांगितलं. पण समीर, काम संपलेलं नाही. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारी पेटी) बाजूच्या क्रॉसला कॅपच्या कडेला तांबूस भुकटी दिसली ना? ती कॅपातल्या बेअरिंगच्या गंजलेल्या सुयांची आहे. समुद्राचं पाणी आत गेलंय. त्यांनी मागचा क्रॉस बदलला, पुढचा तसाच ठेवला. त्या क्रॉसवर जोतिबाला जायचं नाही. हायवेला क्रॉस तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक खाली पडलं तर ते रस्त्यात रुततं आणि गाडी उचलून फेकतं. एसटीच्या गाड्यांना शाफ्टखाली गार्ड असतो, तो उगाच नसतो.
उद्या नाना पेठेतून क्रॉस आण, जुना सोबत ने आणि कॅपचा व्यास मापून घे. फ्लँजचे नटबोल्ट नवे घे. शाफ्ट उतरवलेला असताना फक्त गियरमध्ये टाकून गाडी उभी राहणार नाही, ओट काढू नकोस.

गुरुवार

समीर, रात्री 10:15
क्रॉस बसला. कान रेघेवर आणले. अण्णांनी स्वतः पट्ट्या लावून बघितलं. बोल्ट टॉर्क पान्याने आवळले, ग्रीस गनने चारही कॅपांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरलं. आत्ता जाऊन आलो. 85 ला पायाखाली काही नाही. अगदी काही नाही. प्राचीच्या फोनवर ऐंशीचं टोक गेलं, चाळीसचंही बरंच उतरलं. दहा-अकराचं मात्र आहे, स्टिअरिंगमध्ये हलकं जाणवतं.

अण्णा, 10:22
ते चाकाचं. पुढची दोन्ही चाकं एकेक करून उचल, ट्रेडजवळ पेन धरून चाक हळू फिरव, कुठं फट कमी-जास्त होते बघ. आणि टायरवरचा तारखेचा आकडा वाच.

समीर, 10:58
डावं पुढचं. एका जागी पेनाला घासतंय, समोरच्या बाजूला चार-पाच मिमी फट. आकडा 3814. 2014 चा अडतिसावा आठवडा! बाकी तिन्ही 2021 चे आहेत.

अण्णा, 11:03
मग तो टायर पुढं ठेवायचाच नाही. तारा आत सुटत असतील. स्टेपनी कधीची?

समीर, 11:05
2021 चीच, न वापरलेली.

अण्णा, 11:06
ती पुढं लाव, बॅलन्स करून. चारही टायरांचे पैसे वाचले, एकच आण, नवीन स्टेपनी म्हणून. आणि निघायच्या आधीच आण, स्टेपनीशिवाय लांब जायचं नाही.

शनिवार

सुषमा वहिनी, सकाळी 7:02
समीर भाऊजी, निघालात का? काकूंना सांगा, माझ्या नावाने गुलाल-खोबरं वाहा.

समीर, 7:48
हो वहिनी, सांगितलं. शिरवळला चहाला थांबलोय. आई मागच्या सीटवर आहे, सारोळ्यापासून झोपली आहे.

अण्णा, 7:50
बोल्ट बघितलेस का? घाट चढायच्या आधी बघ म्हटलं होतं.

समीर, 7:56
बघितले, सगळे जागेवर. पाना लावून पाहिला, एकही हलला नाही.

अण्णा, 7:57
नव्या क्रॉसच्या कॅपला हात लावलास?

समीर, 8:01
लावला. कोमट आहे, चटका नाही.

अण्णा, 8:02
मग जा बिनधास्त. परतीला सातारच्या अलीकडे एकदा परत हात लावून बघ.