विषय: टार्नीटला कुठलं इंटरनेट घ्यावं? (तबल्याच्या क्लाससाठी)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात मेलबर्नमध्येच टार्नीटला नवीन घरात आलो, वास्तुशांत झाली, देव मांडून झाले, नेटचा मात्र अजून घोळच चालूए. प्लान ५० एमबीपीएसचा आहे आणि स्पीड टेस्ट लावली की इमानदारीत ४८-४९ दाखवतं, म्हणजे तक्रार करायला तोंड नाही, पण शनिवारी दुपारी लेकीचा पुण्याच्या गुरुजींबरोबर तबल्याचा क्लास असतो तेव्हा सगळं बोंबलतं. गुरुजी मधेच रोबोटसारखे बोलायला लागतात, आणि त्यांनी तिकडून लेहरा (तालाला धरून फिरणारी धून) लावला की म्हणतात बाळ सम चुकतीये, आणि ही इकडे रडकुंडीला कारण तिच्या कानाला ती बरोबर समेवरच येतेय. नवरा म्हणतो सरळ गिगाबिट घेऊ (त्याला गेमसाठी हवंय, तबल्याचं निमित्त), शेजारचे म्हणतात कंपनीच बदला. तर स्पीड चांगला आणि पिंग (म्हणजे सिग्नलला जाऊन यायला लागणारा वेळ) कमी अशी कंपनी कुठली? स्वानुभव सांगा प्लीज.

टार्नीटकर

---

आम्ही ज्या कंपनीत आहोत ती एकदम झकास आहे, तीन वर्षांत एकदाही फोन करावा लागला नाही. रेफरल कोड आहे, पर्सनल मेल करा, दोघांनाही क्रेडिट मिळेल 😀

पॉइंट कुककर

---

ताई, कोड घ्यायच्या आधी थोडं ऐका, मी याच धंद्यात आहे त्यामुळे मेल लांबणार, चहा घेऊन बसा.

इथे आपल्याकडच्यासारखं नाही की या कंपनीची वायर वेगळी आणि गल्लीतल्या केबलवाल्याची वेगळी. बहुतेक घरांपर्यंतची तार एनबीएन या सरकारी कंपनीची, बिल कुणाच्याही नावाने येवो. एनबीएन देशात १२१ ठिकाणी आपलं जाळं कंपन्यांच्या हवाली करते, कंपनीची करामत त्याच्या पुढची. म्हणजे संध्याकाळी ७ ते ११ च्या गर्दीसाठी त्यांनी पुरेशी क्षमता घेतलीये का, आणि देशाबाहेर जायला त्यांचा रस्ता कुठून जातो. एसीसीसीने (ग्राहकांची बाजू बघणारी सरकारी संस्था) घराघरात मोजणीचे डबे बसवून २०१८ पासून अहवाल काढलेत ते चाळा, ओळखीच्या लोकांच्या स्वानुभवापेक्षा बरे (पॉइंट कुककर, राग नसावा). तुमच्याकडे घरात थेट फायबर आलंय का नोडपासून (गल्लीतल्या पेटीपासून) जुनी तांब्याची तार आहे, हा प्रश्न कंपनीच्या नावाआधी विचारायचा. तांबं असेल तर नोड किती लांब यावर सगळं, कंपनी बदलून तार आखूड होत नाही. फायबर असेल तर मात्र १०० चा प्लान बघाच, सप्टेंबर २०२५ पासून एनबीएनने फायबर आणि एचएफसीवर (केबल टीव्हीची तार) तो ५०० डाउनलोड, ५० अपलोड असा केलाय. मुख्य म्हणजे अपलोड २० चं ५० होतं.

आता पिंग. मेलबर्न-मुंबई सरळ रेषेत साधारण ९,८०० किमी. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला अंदाजे २ लाख किमी जातो, म्हणजे नुसतं जाऊन यायला ९८ मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही, चांगला रस्ता म्हणजे पर्थ, तिथून समुद्राखालून सिंगापूर, मग भारत. त्यामुळे १५० च्या आसपास आलं तर देवाला नारळ फोडा. २५०-३०० येत असेल तर ट्रेसरूट (डेटा कुठून कुठून जातो त्याची यादी) काढून बघा, काही वेळा डेटा आधी अमेरिकेला जाऊन मग मुंबईला येतं, हे कोथरूडहून डेक्कनला व्हाया नाशिक जाण्यासारखं, आणि तिथे मात्र कंपनी बदलून खरंच फरक पडतो.

पण समेचं दुखणं याने जाणार नाही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. गुरुजींचा लेहरा तुमच्यापर्यंत उशिरा येतो, लेक त्यावर बरोबर वाजवते, ते परत जायला पुन्हा उशीर, वर व्हिडिओ कॉलचं ॲप आवाज थोडा साठवून मग सोडतं ते वेगळंच. गुरुजींच्या कानाला पोर चांगली पाव ते अर्धी मात्रा मागे. गिगाबिट घ्या नाहीतर अजून काही घ्या, रस्ता रुंद होईल, पुणं जवळ येणार नाही. लेहरा तुमच्या खोलीत वाजवा, म्हणजे लेहरा आणि तबला एकाच माइकमधून एकत्र जातील, उशिरा गेले तरी जोडीने जातील. आणि झूम वापरत असाल तर ओरिजिनल साउंड चालू करा, नाहीतर ते डग्ग्याची घुमक म्हणजे पंख्याचा आवाज समजून कापून टाकतं.

राहिला रोबोट. क्लास चालू असताना पिंग लावून ठेवा आणि बघा एकदम वर उडतंय का. उडत असेल तर घरातलंच कोणीतरी लाइन भरतंय.

ग्लेन वेव्हर्लीकर काका

---

काका, आमच्यासारख्यांचंही थोडं लिहा की. आम्ही बेंडिगोच्या पुढे, तार वगैरे काही नाही. पूर्वी ३६,००० किमीवरच्या उपग्रहावरून नेट होतं, प्रश्न तिकडे जाऊन उत्तर परत येईपर्यंत पाऊण सेकंद, आईशी बोलताना दोघंही एकदम बोलायचो आणि मग दोघंही एकदम गप्प. आता स्टारलिंक, ते ५५० किमीच्या आसपास फिरतात, माझ्याकडे पिंग ३०-४० येतं. गणपतीच्या आरतीची प्रॅक्टिस ऑनलाइन धरायची म्हणत असाल तर मी टाळ वाजवणार नाही, एवढंच आधी सांगून ठेवतो, लॉकडाउनमध्ये सगळ्यांनी एकत्र म्हटलेली आरती मी विसरलेलो नाही.

बेंडिगोकर

---

काका, पाया पडते.

घरात फायबरच निघालं. क्लास चालू असताना पिंग लावलं तर मेलबर्नच्याच सर्व्हरला आधी ७, आणि मग बघता बघता ४१०. लाइन कोण भरत होतं सांगू? नवऱ्याचा फोन. वास्तुशांतीचे सगळे व्हिडिओ फोर-केमध्ये काढलेत, भटजींच्या संकल्पापासून जेवणाच्या पंगतीपर्यंत, आणि ते शनिवारी सुट्टीचा वायफाय मिळाला की क्लाउडवर चढायला लागतात. २० चं अपलोड त्यातच संपायचं, तबल्याला उरणार काय. बॅकअप रात्री १ वर टाकला, काकांशी फोनवर बोलून राउटरमध्ये स्मार्ट क्यू (एकाच कामाने लाइन अडू नये म्हणून रांग लावणारी सोय) चालू केलं आणि अपलोडला १८ ची मर्यादा घातली, आता व्हिडिओ चढत असले तरी पिंग २० च्या वर जात नाही. पुण्याला १६०, म्हणजे नारळ फोडायला हरकत नाही ना? कंपनी तीच ठेवली, प्लानचं पुढच्या बिलाला बघू.

लेहरा आता आमच्याकडे वाजतो. गुरुजी पहिल्यांदाच दहा मिनिटं सलग ऐकत बसले, आणि मग म्हणाले तिहाई खरंच उशिरा सुटतीये. लेक म्हणते आधीचं नेटच बरं होतं.

नवऱ्याने दरम्यान गेमिंगचा राउटर ऑर्डर करून टाकला होता, आठ अँटेनावाला, खोक्यातून काढलेला नाही. कुणाला हवा असेल तर शनिवारी क्लास संपल्यावर घेऊन जा.

टार्नीटकर

---

राउटर मला. येताना चकल्या आणतो. (कोड अजून आहे.)

पॉइंट कुककर