लिब्रपॉड्स बिल्ड करणं म्हणजे रिकामटेकडा उद्योग?

वायरवाला: लिनक्सवर एअरपॉड्स ब्लूटूथने जोडले की गाणी वाजतात. मग बॅटरीचा आकडा पाहायला लिब्रपॉड्स, म्हणजे एअरपॉड्सची ॲपलबाहेर न चालणारी फीचर्स चालवणारं ॲप, सोर्सपासून (मूळ कोडपासून) स्वतः बिल्ड करत बसायचं, हा कसला रिकामटेकडा उद्योग?

टर्मिनलकर: गाणी वाजण्यावरच भागतंय, तर रस्त्यावरचे दोनशेवाले घ्या की! ब्लूझ, म्हणजे लिनक्सची ब्लूटूथ यंत्रणा, बॅटरीचा एकच आकडा देतं. डावा, उजवा, डबी असे वेगळे आकडे, नॉइज कॅन्सलेशन बदलणं, कानातून काढला की गाणं थांबणं, हे ॲपलच्या स्वतःच्या प्रोटोकॉलवर (संवादाच्या नियमांवर) चालतं, ब्लूटूथच्या एल२कॅप थरातल्या हेक्स १००१ चॅनेलवरून. लिब्रपॉड्स तीच भाषा बोलतं. क्यूटीवाली (क्यूटी म्हणजे खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) आवृत्ती क्लोन करा, म्हणजे कोड उतरवून घ्या, लिनक्स फोल्डरमध्ये बिल्ड फोल्डर काढा, सीमेक (बिल्डची तयारी), मेक (प्रत्यक्ष बिल्ड). झालं.

डबीबंद: "झालं" म्हणे! उबुंटूवर क्यूटी ६ ची बेस, डिक्लेरेटिव्ह, कनेक्टिव्हिटी, मल्टिमीडिया ही डेव्ह पॅकेजं (बिल्डला लागणाऱ्या फायली) नसली तर सीमेकच अडतं. ती आणि प्रकल्पाच्या सूचनांत दिलेली बाकीची टाकली की मेक सुरळीत, आणि ॲप उघडताच "क्यूटीक्विक कंट्रोल्स इन्स्टॉल नाही". क्यूएमएल मॉड्यूल्स (क्यूटीत स्क्रीन मांडायचे सुटे भाग) ॲप चालवताना लागतात, कंपाइल करताना कुणी विचारत नाही. डेबियन (उबुंटूचा पाया) ती सुटी सुटी देतं. कंट्रोल्स टाकलं की टेम्प्लेट्स रडतं, मग वर्करस्क्रिप्ट.

वायरवाला: हेच म्हणतोय! आणि मीटिंग सुरू झाली की आवाज डबड्यातून येतो, त्याचं काय करतं तुमचं लिब्रपॉड्स?

टर्मिनलकर: काडीचा संबंध नाही. ए२डीपीत, म्हणजे गाण्यांच्या स्टीरिओ प्रोफाइलमध्ये, माइक नसतो. ब्राउझरने माइक मागितला की वायरप्लंबर (लिनक्सवर आवाजाची वाट ठरवणारा प्रोग्राम) हेडसेट प्रोफाइलवर उडी मारतं: मोनो, एमएसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) असेल तर १६ किलोहर्ट्झ, सीव्हीएसडी असेल तर ८. वायरप्लंबर ०.५ मध्ये ऑटोस्विच-टू-हेडसेट-प्रोफाइल ही सेटिंग फॉल्स (बंद) करा आणि लॅपटॉपचा माइक निवडा.

चौथा_मजला: लॅपटॉपचा माइक! कीबोर्डची खडखड आणि पंख्याची घरघर समोरच्याने ऐकायची, तुम्ही मात्र स्टीरिओत.

टर्मिनलकर: यूएसबीचा कॉलर माइक मिळतो.

वायरवाला: एवढे महागाचे इयरबड्स, वर कॉलरला वायर. वाहवा.

डबीबंद: धागा माइकचा नव्हता. फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे जोडायचे असतील त्यांनी ब्लूटूथच्या मेन.कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये, जनरल विभागातच, डिव्हाइसआयडीपुढे ब्लूटूथ:००४सी:००००:०००० लिहावं (००४सी हा ॲपलचा कंपनी क्रमांक). ओळीच्या सुरुवातीचा हॅश काढा, नाहीतर ती टिप्पणीच राहते. मग ब्लूटूथ सर्व्हिस रीस्टार्ट.

वायरवाला: म्हणजे ॲपलचे कपडे घालून दारात उभं राहायचं. बरं, रिकामटेकड्यांनाच विचारतो: ते वर्करस्क्रिप्टचं पॅकेज नक्की काय नावाने शोधायचं?

डबीबंद: क्यूएमएल६-मॉड्यूल-क्यूटीक्यूएमएल-वर्करस्क्रिप्ट. बाकीच्यांत क्यूटीक्विक येतं, यात क्यूटीक्यूएमएल. तिथेच लोक चुकतात.