मदत हवी आहे: चिपळूणचं घर विकायचंय, बाहेरून कमी खर्चात बरं कसं करावं?

माहेरवाशीण:
नमस्कार मंडळी. आईबाबा आता कायमचे आमच्याकडे ठाण्याला आलेत. चिपळूणचं घर बंद राहून नुसती पडझड व्हायची, म्हणून विकायचं ठरलंय. बैठं घर, चिऱ्याच्या भिंती, बाहेरून प्लास्टर, वर कौलं. आतून ठीक आहे, पण बाहेरून बघवत नाही. उत्तरेची भिंत शेवाळाने काळी पडलीय. जोत्यापासून कमरेपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेत, हात फिरवला की पांढरी पूड येते. गेटच्या खालच्या पत्र्याची गंजून चाळण झालीय. आणि २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ अजून दिसते, खिडकीच्या जरा खाली.

पेंटरने घासून, पुट्टी मारून, कंपाउंडसकट १ लाख ४० हजार सांगितले. एजंट म्हणतो दर्शनी बाजूला टाइल्स लावा, भाव चढेल. आमची तयारी ५०-६० हजारांची. पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही? दिवाळीच्या आत उरकेल का? दादा म्हणतो आधी ती पुराची रेघ घालवा, बाबांना ते पटत नाहीये.

वाशिष्ठीकाठ:
ताई, ती पांढरी पूड म्हणजे लोणा. भिंतीतली ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते. त्यावर पुट्टी मारणं म्हणजे पैसे पाण्यात. तेवढा भाग धुवायचाही नाही, कोरड्या तारेच्या ब्रशने खरवडायचा. प्लास्टर ठोकून बघा, पोकळ वाजेल तेवढंच पाडून नवीन करा, आणि नव्या प्लास्टरला महिनाभर तरी रंग लावू नका. बाकी ठिकाणी क्षार सोसणारा प्रायमर आणि साधं मॅट एक्स्टिरियर इमल्शन पुरे.

जोत्याला ऑइलपेंट नको आणि टाइल्स तर नकोच. ओल आत कोंडते आणि टाइल जिथे संपते तिथून वर निघते. एजंटला काय, त्याला फोटो चांगले हवेत.

दिवाळीचं विसरा. आत्ता सप्टेंबर संपतोय, भिंती पाणी पिऊन बसल्यात. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा, दुसऱ्या दिवशी आत थेंब दिसले तर थांबा. आमच्याकडे गणपतीच्या तोंडावर उघडीप बघून घाईने रंग मारतात आणि पुढच्या गणपतीला तेच पापुद्रे काढत बसतात. नाहीतरी मुंबईची गिऱ्हाइकं शिमग्याला आणि मे महिन्यात गावी येतात तेव्हाच घरं बघतात. डिसेंबर-जानेवारीत काम केलंत तरी चालेल.

कौलारू:
उत्तरेची भिंत काळी पडलीय ती नुसतं ऊन नाही म्हणून, की वरची पन्हळ फुटलीय? पन्हळ आणि सरकलेली कौलं आधी. ते न करता रंग लावलात तर एका पावसात परत तेच.

शेवाळाला ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून ब्रशने लावा, थोडा वेळ ठेवून घासून धुवा. हातमोजे घाला. आणि त्यात संडास साफ करायचं ॲसिड कोणालाही मिसळू देऊ नका, विषारी वायू होतो. कामगार हमखास करतात हे.

माहेरवाशीण:
पन्हळ खरंच एका टोकाला सुटलीय, शेजारच्या काकांनी फोटो पाठवला. मग पेंटरने पुट्टी का सांगितली असेल? घराचा घेर साधारण १२० फूट, भिंतीची उंची १०. कंपाउंड म्हणजे चिऱ्याचा गडगा, त्याला कधीच रंग नव्हता.

हिशेबी:
पुट्टीने माल आणि मजुरी दोन्ही वाढतात, म्हणून. १२० गुणिले १० म्हणजे १२०० चौरस फूट. दारंखिडक्या वजा करून १०५० धरा. दोन हातांना लिटरमागे ५० फूट धरले तर २१ लिटर, म्हणजे २० लिटरची एक बादली आणि वर थोडा. खरबरीत प्लास्टर जास्त पितं, तरी एवढ्याचे १ लाख ४० हजार होत नाहीत. तुमचा गडगाच पैसे खातोय. त्याला रंग लावूच नका! धुवा, सुटलेल्या सांध्यांत दर्जा (सिमेंट-वाळूचा माल) भरून घ्या, चिरा आपोआप उठून दिसतो. पेंटरकडून वजावटीसकट माप लिहून घ्या.

अवांतर: रंगाचा खर्च भांडवली नफ्यातून वजा होईल असं धरून चालू नका, ती देखभाल झाली. सीएला विचारा.

वाशिष्ठीकाठ:
रेघेबद्दल. भिंत रंगवली की ती झाकली जाणारच, त्यात गैर काही नाही. पण बाबांचं म्हणणं बरोबर आहे, गिऱ्हाइकाला सांगायचंच. चिपळुणात घर बघायला आलेला माणूस चहा यायच्या आत विचारतो, "पाणी कुठवर आलं होतं?" बाहेरच्याला ते सुचणार नाही, म्हणून उलट त्याला जास्त सांगायला हवं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५: घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायला हवा. रंगवण्याआधी रेघेला मोजायची टेप धरून फोटो काढून ठेवा. घर निळ्या पूररेषेत (नदीलगतची, वरचेवर येणाऱ्या पुराची) आहे की लाल (क्वचित येणाऱ्या महापुराची), तेही सरकारी नकाशावर बघून घ्या. पुढे कोणाला वाढीव बांधकाम करायचं असेल तर भाव त्यावरच ठरतो, रंगावर नाही.

माहेरवाशीण:
दादाला हा धागा पाठवला, "बघतो" म्हणालाय. म्हणजे आता पन्हळ, कौलं, लोणा, मग रंग. गेट नवीनच घ्यावं का?

कौलारू:
कशाला? वरची चौकट धड असेल तर खालचा कुजका पत्रा कापून तेवढाच नवा वेल्ड करून घ्या. गंज पॉलिश पेपरने काढा, रेड ऑक्साइड प्रायमर, वर ऑइलपेंटचे दोन हात. लोखंडाला ऑइलपेंटच. बिजागऱ्यांत तेल सोडा, गेट करकरलं की माणूस आत येतानाच पाच-दहा हजार मनातल्या मनात कापतो.